रिकामी परडी

२ जून १९५७, रविवार

आलो बाई एकदाच्या ठाण्याला! टांगेवाल्याने आग्रा रोडवर, माजिवड्याच्या अलीकडे उतरवलं तेव्हा आत्याचा अवतार बघण्यासारखा होता. एका हातात देवाची पेटी, दुसऱ्या हातात मिठाची बरणी, दम लागून तोंडातून शब्द फुटेना, तरी खुणा करून मला सांगतेय की आधी देव आणि मीठ आत जाऊ दे, मग तुझी ती पुस्तकं. मी म्हटलं, बाईसाहेब, आधी तुम्ही आत जा आणि टेका.

घर छान आहे. दोन खोल्या, मागे पडवी, न्हाणी स्वतंत्र. शारदा वसाहत म्हणजे वीस-बावीस टुमदार बंगल्या, त्यातलं आमचं अगदी शेवटचं घर. मागचं दार उघडलं की भाताची खाचरं, पलीकडे ओढा, ओढ्यापलीकडे चिंचेखाली एक कौलारू घर. वाऱ्याला तोटा नाही. आत्याच्या दम्याला ह्याहून चांगलं काय हवं?

घरमालक त्र्यंबकराव रेल्वेच्या कचेरीतून निवृत्त झालेले, वसाहतीचे अध्यक्षही तेच. बोलणं असं शुद्ध की मला माझ्या वाईच्या मराठीची लाज वाटावी. त्यांच्या पत्नी सुहासिनीकाकू सामान उतरतंय तोवर पितळी डब्यात पिठलं-भात घेऊन हजर! लोक उगाच म्हणतात की मुंबईकडची माणसं कोरडी. आत्याला मात्र भलतीच चिंता, डबा परत कसा द्यायचा. रिकामं भांडं परत देऊ नये, देणाऱ्याचं घर रितं होतं म्हणे. ट्रंका उपसून साखर शोधली, चिमूटभर डब्यात घातली, तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला.

आत्या म्हणजे माझी आई, बाप, सगळं गणगोत. मी चार वर्षांची असताना आईवडील गेले. आत्याचे यजमान तर त्याच्याही आधी, अठरा सालच्या मानमोडीच्या साथीत. ती तेव्हा सतराची. त्यानंतर तिने लोकांकडे स्वयंपाक केला आणि मला बी.ए., बी.टी. केलं. आता माझी पाळी आहे. वाईच्या डॉक्टरांनी निघताना बजावलंय की हिची छाती पार दुबळी आहे, हिला खोकला-ताप लागू देऊ नका, लागला तर सोसणार नाही. नाही लागू देणार! आरोग्यशास्त्र शिकवते मी, थट्टा नाही.

६ जून, गुरुवार

कन्याशाळेत जाऊन रुजू झाले. मुख्याध्यापिका बऱ्या आहेत, पण शाळा सोमवारी उघडेल की नाही ह्याची त्यांनाच शंका. मुंबईत तापाची साथ आहे. बोटीतून आली म्हणतात, वर्तमानपत्रात रोज आकडे. डोकं ठणकतं, अंग मोडतं, तीन-चार दिवसांत माणूस उठतो. तरणाताठा उठतो. म्हातारे आणि छातीचे दुखणाईत मात्र उठत नाहीत, असंही खाली बारीक अक्षरात छापलेलं होतं. तो कागद मी आत्याच्या हाती लागू दिला नाही, चुलीत घातला.

काकू रोज एकदा डोकावतात. आम्हाला इथे कोणी नातेवाईक आहेत का, वाईला कोण आहे, भाऊबंद कोण, सगळं आपुलकीने विचारलं. कोणी नाही म्हटल्यावर त्यांचे डोळे भरून आले. आत्या म्हणाली, एवढं मायाळू माणूस मी आयुष्यात पाहिलं नाही.

९ जून, रविवार

व्हायचं तेच झालं. वसाहतीत सात घरी अंथरुणं पडलीत. काकूंच्या नातवालाही सडकून ताप. नाक्यावरचा वाणी दुकानाला कुलूप लावून गावी पळाला. रास्त भावाच्या दुकानासमोरच्या रांगेत काल दोन माणसं चक्कर येऊन पडली. त्र्यंबकरावांनी कल्याणच्या बाजारातून तांदळाची पोती ठरवली होती, तर तो ट्रक शीळफाट्यावरच उभा. ड्रायव्हरलाच हुडहुडी भरली. तरण्यांचं कसंबसं चालतंय. पण ज्या घरी एकटं म्हातारं माणूस, त्यानं पीठमीठ आणायचं कसं?

म्हणून आज त्र्यंबकरावांच्या ओट्यावर बैठक झाली आणि रुग्ण साहाय्य मंडळ स्थापन झालं. ज्यांना बाहेर पडता येत नाही त्यांच्या दारात शिधा पोचवायचा. ठेवायचा, कडी वाजवायची, लांब व्हायचं. किती शास्त्रशुद्ध! मी पहिलं नाव दिलं. ओढ्यापलीकडच्या घरात अँजेला नावाच्या वृद्ध ख्रिस्ती बाई एकट्या राहतात, त्यांच्याकडे कोण जाणार, असं त्र्यंबकरावांनी विचारलं तेव्हा सगळ्यांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. मला बाई अभिमानच वाटला.

एकच अट घातली. मी दारोदार फिरणार, तर आत्याचं पथ्यपाणी, जुना तांदूळ, दूध, गूळ कोण आणणार? तिच्याजवळ कोण बसणार? काकूंनी सगळ्यांदेखत माझा हात हातात घेतला आणि शब्द दिला की तुझी आत्या ती माझी आत्या, तिला काही कमी पडू देणार नाही. आणखी काय हवं माणसाला?

११ जून, मंगळवार

आज अँजेलाबाईंकडे पहिली फेरी. काकूंनी नवी कोरी वेताची परडी भरून दिली: तांदूळ, नारळ, द्रोणात दहीभात, वर एक लिंबू. लिंबू पाहून मी खूश झाले. तापात क जीवनसत्त्व हवंच. काकूंना कोणी न शिकवता कळतं. दहीभातावर मात्र लाल भुकटी दिसली, तेव्हा मी स्पष्ट सांगितलं की आजाऱ्याला तिखट देऊ नका. काकू नुसत्या हसल्या.

नियम त्र्यंबकरावांनी समजावले. दिवेलागणीला जायचं. ओट्यावर परडी ठेवायची, हाक मारायची नाही, निघाल्यावर मागे वळून बघायचं नाही, बाईंना उघड्यावर येऊन परडी घ्यायला संकोच वाटतो. परत येताना वसाहतीतून यायचं नाही, खाचरांच्या बांधावरून थेट आपल्या मागच्या दाराशी यायचं, म्हणजे जंतू वसाहतीत पसरत नाहीत. मला ते पटलं. विलगीकरण म्हणजे दुसरं काय?

घर जुनं आहे, दारावर लाकडी क्रूस, अंगणात गवत माजलेलं. खिडक्या बंद. परडी ठेवली आणि आले.

१२ जून, बुधवार

आजची गंमत आत्याला सांगितली तेव्हा ती लहान मुलीसारखी हसली. आज दुसरी परडी घेऊन गेले तर कालची ओट्यावर पालथी, धुऊन स्वच्छ! उचलली तर खाली मूठभर तांदूळ. बारीक, पांढरे स्वच्छ, जुने तांदूळ. म्हणजे बाईंनाही तोच रिवाज, रिकामं भांडं परत द्यायचं नाही. आजारी, एकटी, घरात दाणा नाही, आणि तरी आपल्या साठ्यातलं मूठभर देणं! आत्या म्हणाली, जात कुठलीही असो, वळण वळण असतं. बाईचं मन मोडू नये, म्हणून तिने ते तांदूळ आमच्या भातात घातले. भाताला काय सुरेख वास सुटला होता.

१५ जून, शनिवार

आज इतका आनंदाचा दिवस की रोजनिशीत कुठून सुरुवात करू ते कळेना.

एक म्हणजे वसाहतीतला ताप ओसरतोय. सातातली पाच अंथरुणं उठली. काकूंचा नातू तर चक्क अंगणात गोट्या खेळत होता. रस्त्याने जाताना लोक खिडकीतून मला हात जोडतात. मी म्हणते, अहो मला कसले, जीवनसत्त्वांना जोडा!

दुसरी गोष्ट लिहिताना आत्ताही डोळे भरतात. मी फेरीवर असताना काकू आत्याजवळ बसतात हे ठाऊक होतं. काय करतात ते आज कळलं. त्यांनी आत्याला पाटावर बसवलं, हळदकुंकू लावलं आणि खणानारळाने तिची ओटी भरली. विधवेची! ज्या बाईला एकोणचाळीस वर्षं कुणी मंगल कार्यात समोर येऊ दिलं नाही, तिची! मी घरी आले तर आत्या आरशापुढे बसलेली, कपाळावर ठसठशीत कुंकू, आणि गालावरून पाणी वाहतंय. म्हणाली, सुमे, मानमोडीत गेलेलं कुंकू ह्या तापात परत आलं गं. सुधारणा सुधारणा म्हणून आम्ही व्याख्यानं झोडतो आणि ह्या माउलीने बोलून न दाखवता करून दाखवलं. मी धावत जाऊन काकूंच्या पाया पडले. त्यांनी पाय मागे घेतले. विनय किती!

१८ जून, मंगळवार

परडीतून रोज मूठभर तांदूळ येतात आणि रोज आमच्या भातात जातात. आज काकूंनी परडीत हिरव्या काचेच्या बांगड्या घातल्या. ख्रिस्ती म्हाताऱ्या बाईला हिरव्या बांगड्या कशाला, म्हणून मी विचारलंच. काकू म्हणाल्या, इथल्या ख्रिस्ती बायका लग्नात हिरवा चुडा भरतात, आजारात तेवढीच हौस. असेल.

आत्याचा दमा गेला. लिहायलाही भीती वाटते, दृष्ट लागेल, पण खरंच गेला. रात्रभर छातीतली ती शिट्टी वाजत नाही. इतकी वर्षं त्या आवाजावर मी झोपले, तर आता झोपच येत नाही. जेवते तर अशी की मी बघत राहते. आज माझ्या ताटातलंही संपवलं आणि पातेलं खरवडलं. कपाळावरचं कुंकू सकाळी तोंड धुतल्यावरही तसंच होतं. जुनं पिंजर आहे, चिकटत असेल.

२० जून, गुरुवार

तीन दिवस आमच्या घरी शिधा नाही. दूध नाही, गूळ नाही, डाळ नाही. काकूंना दोनदा निरोप पाठवला, विसरल्या म्हणे. चक्क विसरल्या! मी दुपारी तरातरा गेले तर घरात नाहीत. कोपऱ्यावरच्या रिकाम्या बंगलीत कल्याणजवळच्या मोहन्याहून नवं बिऱ्हाड आलंय, हेमा नावाची परिचारिका आणि तिचे पायाने अधू वडील. काकू तिथे पिठलं-भात घेऊन गेल्या होत्या. मला चमत्कारिक वाटलं. मत्सर वाटला असं लिहिते, खोटं कशाला?

अँजेलाबाईंची परडी मात्र एकही दिवस चुकली नाही. ती भरलेली तयार असते. आज वाटलं, त्यातले चार मुठी तांदूळ काढून घ्यावेत, घरी आत्या भुकेली आहे. नाही काढले. आजाऱ्याच्या तोंडचा घास कसा काढायचा?

घरी आले तर आत्या मागच्या दारात, अंधारात, खाचरांकडे तोंड करून बसलेली. मी हाक मारली. ती वळली आणि विचारलं, कोण तू, नवी का? मग हसली. थट्टा करत असेल. पण आत्या थट्टा करत नाही कधी.

तिच्या हातात बांगड्या आहेत. हिरव्या.

२२ जून, शनिवार

नीट, क्रमाने लिहायला हवं.

आत्याला बांगड्या कुठून आल्या ते सांगवेना. काढू म्हटलं तर निघेनात, मनगटात रुतल्यात. काकूंनीच भरल्या असतील म्हणून मी मनाची समजूत घातली. दिवेलागणीला परडी घेऊन निघाले. ओढ्यापलीकडे ओट्यावर एक माणूस बसलेला होता, हातात काठी. गॅब्रिएल नाव, पलीकडच्या वाडीतला मोठा बागाईतदार. मला पाहताच तो असा अंगावर आला की मी परडी टाकून पळणार होते. रोज माझ्या बहिणीच्या दारात उतारा कोण टाकतो ते पकडायला बसलो होतो म्हणाला. शिकलेली बाई दिसतेस आणि हे धंदे करतेस, लाज नाही वाटत?

मीही कमी नाही. मी म्हटलं, तुमची बहीण तापाने फणफणतेय आणि तुम्ही इतके दिवस फिरकला नाहीत, लाज तुम्हाला वाटायला हवी.

त्याने काठी खाली केली. मग हळू आवाजात म्हणाला, "बाय, अँजेला ईस्टरच्या आधी मेली. घराला कुलूप हाय. चावी माझे कनवटीला हाय."

त्याने कुलूप उघडून दाखवलं. आत धूळ. जमिनीवर धुळीचा थर, पावलाची खूण नाही. चूल थंड, कोनाड्यात कोळ्याची जाळी. तांदळाचा दाणा नाही कुठे. मग परडी कोण धुतं, मी विचारलं. त्याने छातीवर क्रूसाची खूण केली.

परडीकडे बोट दाखवून त्याने एकेक वस्तूचं नाव घेतलं. लिंबू. नारळ. गुलाल टाकलेला दहीभात. देवा रे! गुलाल होता तो. मी तिखट म्हणाले आणि त्या हसल्या. तिन्हीसांजेला, शिवेबाहेर, मागे न बघता. वाईला लहानपणी शेकडो वेळा ऐकलंय, तिठ्यावर पाहिलंय, ओलांडू नको म्हणून आत्याचा मार खाल्लाय. आणि पदवीचा कागद मिळाल्यावर मला त्यात क जीवनसत्त्व दिसलं!

निघताना तो म्हणाला की मला राग तुझ्या एकटीचा नव्हता, तुझ्या जोडीदारणीचाही होता. कोण जोडीदारीण, मी विचारलं. म्हणाला, वाडीतून लांबून रोज दिसते, परत जाताना तुझ्या मागून बांधावरून जाते ती. हिरव्या लुगड्याची. ती तुझ्या मागच्या दाराने तुझ्याच घरात जाते की.

२३ जून, रविवार

काकूंच्या दारावर हात लाल होईपर्यंत थापा मारल्या. दार उघडलं नाही. खिडकीच्या गजाआडून बोलल्या.

नाकारलं नाही हो! तेवढी तरी खोटं बोलायची लाज वाटली असेल. रडत होत्या. मानमोडीत त्र्यंबकरावांच्या गावाने असंच केलं म्हणाल्या, साथीच्या बाईला शिवेबाहेर नेऊन ठेवलं तेव्हा गाव वाचलं. ती कुठेतरी राहणारच, तिला घर लागतं. ओसाड घरात ती टिकत नाही. तिला चालतं बोलतं माणूस लागतं, ओटी भरून घेतलेलं, तिच्या हातचं अन्न खाल्लेलं. माझा नातू जात होता गं, म्हणाल्या. माझ्या जागी तू काय केलं असतंस? आणि मग अगदी मायेने, मला पिठलं वाढताना बोलायच्या तसंच, म्हणाल्या की तुमच्यामागे रडायला तरी कोण आहे?

म्हणून विचारलं होतं. भाऊबंद कोण, वाईला कोण. मी सगळं सांगितलं, वर चहा पाजला.

आतून त्र्यंबकरावांचा आवाज आला. आमचा स्वतःचा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, पण करायला काय जातं? ह्या शब्दांत. करायला काय जातं! माझी आत्या जाते आहे, त्र्यंबकराव. एकोणचाळीस वर्षांनी कुणी कुंकू लावलं म्हणून ती रडली होती. लहान मुलीसारखी रडली. तिच्या त्या रडण्याचाही तुम्ही उपयोग करून घेतलात. शत्रूनेही असा केसाने गळा कापू नये.

आणि बांधावरून रोज तिला घरी घेऊन कोण आलं? मी. भात कोणी वाढला? मी.

२४ जून

आमच्या बोळाच्या तोंडाशी बाभळीच्या फांद्या आणून टाकल्यात. मी हाका मारल्या. खिडक्या एकेक करून लागल्या. ज्यांना ज्यांना मी शिधा पोचवला, त्यांच्याच. जोशीआजोबांच्या दारात मी रॉकेल नेऊन दिलं होतं, त्यांनी पडदा ओढला. गरज सरो, वैद्य मरो.

घरात दाणा नाही. आत्या मागत राहते. आवाज तिचा नाही.

ओढा ओलांडून गॅब्रिएलकडे गेले. त्याच्याही घरी ताप, दाराला पडदा, आत प्रार्थना चाललेली. बाहेर दुधाचा तांब्या ठेवला माझ्यासाठी. तेवढाच एक माणूस. दूध आत्याला दिलं. तिने तांब्या उलटा केला आणि जमिनीवरचं चाटलं.

मला कणकण आहे.

२५ जून

कुंकू राखेने घासलं. कातडी सोलली, कुंकू तसंच.

पहाटे थोडा वेळ ती आत्या होती. खरी. छातीत शिट्टी वाजत होती, त्यावरूनच ओळखलं, आणि मला इतका आनंद झाला — श्वास कोंडतोय तिचा आणि मला आनंद! माझा हात धरला. म्हणाली, सुमे, ते तांदूळ शिजवायला नको होते. मी म्हटलं मीच आणले. ती म्हणाली, काकूंना बोल लावू नकोस, त्यांनी लावलं तेव्हा फार बरं वाटलं गं. खोटं असलं तरी —

मग शिट्टी थांबली. डोळे उघडे. ते माझ्याकडे बघून हसले.

२६ — बुधवार असेल

दुपारी गेली. उपाशी गेली. माझी आत्या, जिने चार घरी पोळ्या लाटून मला वाढवलं, ती मूठभर तांदळावाचून —

खांद्याला कोणी नाही. फांद्यांपाशी उभी राहून ओरडले, निदान चार माणसं द्या. कुणीतरी रेडिओ मोठा केला.

चादर घातली तिच्यावर. दिवा लावला.

चादरीखाली बांगड्या वाजतात.

२७

अंग जळतंय. डोकं — अक्षरं हलतात.

वसाहतीत पुन्हा खोकल्याचे आवाज. ऐकू येतात इथून. म्हणजे इथे ती टिकली नाही. आत्या गेली, घर रितं झालं. तिला आता —

मी आहे ना. मी आहे अजून.

—

दिवेलागण. मागच्या दाराशी पावलं. कुणीतरी पडवीत काही ठेवलं. हलक्या हाताने. लांब झालं. फटीतून पाहिलं — बांधावरून चाललीय, पाठमोरी, पांढरं लुगडं, परिचारिकेचं. हेमा. हाक मारली, आवाज फुटला नाही. तिने वळून पाहिलं नाही. तिलाही सांगितलं असेल, बाईंना संकोच वाटतो.

परडी. कोरी. लिंबू, नारळ, दहीभात.

तिच्या घरी वडील आहेत. अधू. आत्ता काकू त्यांच्याजवळ बसल्या असतील.

—

खाल्ला. गुलालासकट खाल्ला. चार दिवस पोटात काही नव्हतं, मी काय करणार होते? परडी धुतली. सवयीने, हात आपोआप. पडवीत पालथी घातली.

रिकामी आहे. रिकामीच जाईल. हेमा उद्या येईल, रिकामी परडी उचलेल, रिकाम्या हाताने वडिलांकडे जाईल. इथेच संपेल, माझ्यापाशी. काकूंनी विचारलं होतं, माझ्या जागी तू काय केलं असतंस? हे. हे केलं असतं. लिहून ठेवते, कोणी वाचलं तर त्यांना सांगा, सुमेने हे —

मागून आवाज आला. चादरीपाशी. आत्याचाच, अगदी आत्याचा. रिकामं भांडं परत देऊ नये, सुमे, देणाऱ्याचं घर रितं होतं.

नाही.

डब्यात तांदूळ नव्हते. परवाच डबा पालथा करून पाहिला होता. आता काठोकाठ आहेत. बारीक, पांढरे स्वच्छ. तोच वास.

मी उठणार नाही. मी लिहीत बसणार. लिहितेय तोवर हात माझा आहे. उजवा माझा आहे. डावा डब्यात आहे, तो मी घातला नाही. मनगटात बांगड्या वाजतात, कुणी भरल्या? मूठ मिटतेय. हेमा, परडी उचलू नकोस. हेमा, मी नाही भरत ही मूठ, हा हात माझा न